घर एकच, पत मात्र वेगवेगळी

(शिरूर कासार येथे शेतकरी बंधू-भगिनींपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मला येथे बोलावले ते कोरडवाहू कपाशीच्या खत व्यवस्थापनावर बोलण्यासाठी. त्याची घडीपत्रिका आपणा सर्वांना मिळालेली आहे, ती घरी गेल्यावर सावकाश वाचावी. आज मी थोडा बाजूचा विषय घेणार आहे. कृषिविद्येच्या माणसाने पैशाच्या गोष्टीत का शिरावे, असे काहींना वाटेल. पण गेली आठ-दहा वर्षे शिवारे फिरताना मला असे आढळले, की शिफारस माहीत नाही म्हणून खताची मात्रा चुकली असे शेतकरी आता फार थोडे राहिले आहेत. बहुतेकांची मात्रा चुकते ती त्या आठवड्यात हातात पैसा नसल्यामुळे.

मागील काही वर्षांतील एक उदाहरण सांगतो. सिंदफणेच्या काठाला बांधाला बांध लागून दोन शेते होती. जमीन सारखी, वाण एक, पेरणीत फार तर चार दिवसांचे अंतर. एका शेतातील कपाशी पाते-फुलांवर भरून आली होती, तर दुसरीची पाने पिवळी पडून वाढ थांबली होती. दुसरे शेत एक बाई पाहत होत्या. मालक पुण्याकडे गाडीवर चालक. सातबारा त्यांच्या नावाचा, पीककर्जाचे खाते त्यांचे आणि कार्डही त्यांच्याच खिशात. बाईंनी बियाणे दुकानातून उधारीवर आणले. महिन्याने युरिया मागायला गेल्या तेव्हा आधीची बाकी द्या असे उत्तर मिळाले. पुढे युरिया मिळाला तोही लिंकिंगमध्ये, म्हणजे नको असलेल्या दुसऱ्या औषधाच्या बाटल्या सोबत घेण्याच्या अटीवर. नत्राचा जो हप्ता महिन्याने पडायला हवा, तो पन्नासाव्या दिवशी पडला. मी त्यांना विचारले, "ताई, मालकांच्या कार्डावरून पैसे का काढले नाहीत?" त्या म्हणाल्या, "साहेब, कार्ड पुण्यात अन् कपाशी इथं."

मला वाटते, आजचा सगळा विषय त्यांच्या त्या एका वाक्यात आला आहे.

बँकेच्या वहीत घर नसते

आपण म्हणतो, घराची पत चांगली आहे. बँकेच्या वहीत मात्र घर नसते. तेथे एक नाव, एक सही आणि एक उतारा असतो. पीककर्ज हे सातबाऱ्यावरील नावाला मिळते. २०१५-१६ च्या कृषि गणनेप्रमाणे देशातील एकूण वहितीदारांत स्त्रिया सुमारे १४ टक्के होत्या. खुरपणी, वेचणी, जनावरे, दूध, बियाणे राखणे या कामांत त्यांचा वाटा किती असतो, हे मी आपणास सांगण्याची गरज नाही. काम एकाचे आणि पत दुसऱ्याची, अशी ही रचना आहे.

किसान क्रेडिट कार्ड १९९८ साली सुरू झाले. त्याची मर्यादा कशी ठरते हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. पिकाच्या कर्जदराला क्षेत्राने गुणून जी रक्कम येते, तिच्यावर १० टक्के रक्कम काढणीनंतरच्या खर्चासाठी व घरखर्चासाठी, आणि २० टक्के अवजारे व शेतीच्या मालमत्तेच्या देखभालीसाठी धरली जाते. पीक विम्यासारख्या बाबी त्यावर वेगळ्या. म्हणजे पिकापोटी १ लाख रुपये बसत असतील, तर १० हजार घरखर्चाच्या नावाने आणि २० हजार देखभालीच्या नावाने मिळून मर्यादा १ लाख ३० हजारांची होते. घरातील किराणा, दवाखाना, मुलांची फी यांसाठी कमी व्याजाचा पैसा नियमाने ठेवलेला आहे. पण तो काढण्याचा अधिकार कार्डधारकाचा. घर चालविणाऱ्या बाईला त्यातील एक रुपयाही स्वतःच्या सहीने काढता येत नाही. मग ती कोठे जाते? किराणा दुकानात उधारीला, शेजारणीकडे हातउसन्याला, नाहीतर महिन्याला शेकडा तीन रुपयांनी.

शेकडा तीन हा आकडा कानाला लहान लागतो, म्हणून त्याचा हिशेब एकदा मांडू. महिन्याला शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. दुसरीकडे त्याच घरातील पुरुषाला ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मूळ ७ टक्क्यांनी मिळते, मुदतीत फेडल्यास केंद्राची ३ टक्के सवलत मिळते, आणि २०२१-२२ पासून राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे मुदतीत फेडणाऱ्यास ते शून्य टक्क्यांपर्यंत येते. एकाच चुलीवर जेवणाऱ्या दोन माणसांना एकाच वर्षी एकाला शून्य आणि दुसऱ्याला छत्तीस टक्के व्याज पडते. ही तफावत कोणत्याही बँकेच्या अहवालात दिसणार नाही, कारण तिचा अर्धा भाग वहीत लिहिलाच जात नाही.

माझ्या घरातील हिशेब

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमचे गाव याच बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील. २०१२ साली, म्हणजे त्या मोठ्या दुष्काळाच्या वर्षी, पेरणीच्या तोंडावर माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. पाच एकर जमीन, सगळी त्यांच्या नावाची. मी तेव्हा शिकत होतो. आई एका बँकेत गेली. खातेदारास घेऊन या, असे तिला सांगण्यात आले. वडील दवाखान्यात आहेत म्हटल्यावर, मग तुमच्या नावाचा उतारा आणा, असे उत्तर मिळाले. ती तिसऱ्यांदा गेली नाही. गावातील एका खासगी सावकाराकडून तिने ४० हजार रुपये शेकडा तीनने उचलले. वर्षाचे व्याज १४,४०० रुपये झाले. त्या वर्षी वेळेत फेडणाऱ्याला पीककर्ज ४ टक्क्यांनी पडत होते. त्या हिशेबाने तिला १,६०० रुपये पडले असते. नऊपट फरक. दुष्काळात पीक तर आलेच नाही, त्यामुळे दुसऱ्या वर्षाचे व्याजही तेवढेच चढले. दोन वर्षांत २८,८०० रुपये केवळ व्याजाचे गेले आणि मुद्दल तसेच उभे राहिले.

शेवटी आईच्या पाटल्या गहाण पडल्या. त्यातही गंमत अशी, की सोने तिच्या माहेरचे, पण व्यवहार चुलत्यांनी केला आणि गहाणाची पावती त्यांच्या नावाची झाली. चुलते सज्जन होते, पाटल्या परत आल्या. सगळ्याच घरांत तसे होत नाही. म्हणून माझे सांगणे आहे, की घरातील स्त्रीचे दागिने तारण ठेवायचे असतील तर कर्जखाते तिच्याच नावाने उघडावे. लिलावाची नोटीस आली तर ती निदान तिच्या हातात तरी पडेल.

उचल कोणाची?

शिरूर, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी या भागात कर्जाची गोष्ट उचलीशिवाय पुरी होत नाही. बँकेचे दार बंद असलेल्या घरासाठी मुकादमाची उचल हीच मोठ्यात मोठी रक्कम असते. लग्न, दवाखाना, घराचे पत्रे, मोटारसायकल, सगळे तिच्यातून. उचल मिळते ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा पुरुष म्हणजे अर्धा कोयता. पैसे मात्र मोजून घेतो पुरुष, कागद झालाच तर अंगठा त्याचा, आणि रक्कम किती घेतली हे पुष्कळदा बाईला फडावर गेल्यावर कळते. फेडण्याच्या कामात तिचा वाटा निम्मा, किंबहुना जास्त, कारण मोळ्या बांधून-वाहून झाल्यावर कोपीवर चूलही तीच पेटवते.

जानेवारी २०२४ मधील करारानुसार तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. एका जोडीने दिवसाला दोन टन ऊस तोडला असे धरले तर ७३२ रुपये होतात. १ लाख रुपयांची उचल फेडण्यास १३७ दिवस लागतात, तेही एक दिवस खाडा न होता आणि पोटाला काही न खाता. आजारपण, पाऊस, कारखाना बंद, यांचे दिवस यात धरलेले नाहीत. बाकी राहिली की ती पुढच्या हंगामाच्या उचलीत मिसळते आणि त्याच मुकादमाकडे जाणे भाग पडते.

खाडा झाला की दंड, म्हणून बाईने पाळीत, आजारात, गरोदरपणात कोयता सोडायचा नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चौकशी केली. तपासणीत आलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. या गोष्टीची कारणे अनेक आहेत, वैद्यकीय व्यवसायाची जबाबदारी त्यात मोठी आहे. तरी ज्या कर्जावर आपली सही नाही ते कर्ज शरीराने फेडावे लागणे, हे त्यातील एक कारण आहे असे मी मानतो. निदान उचल घेताना रक्कम दोघांसमोर मोजली जावी आणि त्याची नोंद घरातील वहीत व्हावी, एवढे तर आपल्या हातात आहे.

बायकांच्या नावावर कर्ज मिळते, पण

येथे कोणी म्हणेल, की आता तर बायकांनाच कर्ज आधी मिळते. खरे आहे. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आहे. नाबार्डने १९९२ साली ५०० बचत गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला, २०११ पासून राज्यात उमेद अभियान आले. नियमित बैठक, नियमित बचत आणि स्वच्छ हिशेब असलेल्या गटांना विनातारण कर्ज मिळते. २०२२-२३ पासून अभियानातील गटांसाठी ३ लाखांपर्यंत ७ टक्के दर ठरविण्यात आला. आपल्या शाखेत चालू दर काय आहे तो अवश्य विचारावा. माझ्या पाहण्यातील चांगले गट शेळीपालन, डाळ मिल, तुती-रेशीम यांत उतरले आहेत.

परंतु गटाच्या मागोमाग आठवड्याच्या हप्त्याच्या कंपन्याही गावात आल्या, आणि तेथे वेगळेच होऊन बसले. सही बाईची, हप्त्यासाठी दारात उभे राहतात तेही बाईच्या, आणि पैसा गेला मोटारसायकलला किंवा बोअरला. घरातील ज्याच्या नावावर पत नव्हती, तिच्या नावावर आता नुसतीच बाकी आहे. याला पत वाढली असे मी म्हणणार नाही.

याबाबत रिझर्व्ह बँकेचा १ एप्रिल २०२२ पासूनचा नियम माहीत असावा. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज हे सूक्ष्मकर्ज समजले जाते. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुले. घरातील सर्व कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा अधिक होता कामा नयेत. मुदतीपूर्वी फेडल्यास दंड आकारता येत नाही. यातील सर्व कर्जांचे हा शब्द नीट पाहावा. नवऱ्याच्या मोटारसायकलचा हप्ता त्या निम्म्यात मोजला जातो. म्हणजे त्याने गाडी घेतली, की बायकोच्या शिलाई मशीनची किंवा पिठाच्या गिरणीची जागा तेवढी कमी होते. ठरविण्याआधी दोघांनी एकदा बसून बोलावे, ते याचसाठी.

दुसरी फसगत होते ती सरसकट व्याजाच्या गणितात. ४० हजारांची गिरणी वर्षभराच्या हप्त्यावर, १२ टक्के सरसकट व्याजाने घेतली तर व्याज ४,८०० आणि हप्ता ३,७३३ रुपये. पहिल्या महिन्यापासून मुद्दल कमी होत जाते, व्याज मात्र पूर्ण ४० हजारांवर लावलेले असते. घटत्या शिलकेवर मोजले तर हाच दर साधारण साडेएकवीस टक्के पडतो. दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा: व्याज सरसकट की घटत्या शिलकेवर?

नाव कसे लागते

आता करता येण्यासारख्या गोष्टी. पहिली अर्थातच जमिनीची. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवड येथे शेतकरी महिलांचे अधिवेशन भरविले. त्यानंतर लक्ष्मी मुक्तीचा कार्यक्रम घेऊन नवऱ्यांनी आपल्या जमिनीचा वाटा बायकोच्या नावे करावा, असे आवाहन गावोगाव केले. १९९२ साली शासनाने त्याच नावाने परिपत्रक काढले. पतीने स्वतःहून अर्ज केल्यास त्याच्या जमिनीवर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येते. तीस वर्षे उलटली, तरी आजही सभेत हात वर करायला सांगितले तर चार-पाचच हात वर येतात. आजही तेवढेच आले. अर्ज तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे द्यावा. फेरफार लिहिला जातो, नोटीस निघते, हरकत नसल्यास मंडळ अधिकारी तो मंजूर करतात. उताऱ्यावर कर्जाचा बोजा असेल तर आधी बँकेशी बोलून घ्यावे. सामाईक सातबाऱ्यावर कर्ज घेताना बँक दुसऱ्या सहहिस्सेदाराची संमती मागते, हेही ध्यानात असू द्यावे.

पती वारले असतील तर वारस नोंदीला विलंब करू नये. जमीन महसूल संहितेप्रमाणे तीन महिन्यांच्या आत कळवायचे असते. पुष्कळ विधवा भगिनी दीर, सासरे काय म्हणतील म्हणून थांबतात आणि तोपर्यंत दोन खरीप पीककर्जाविना जातात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसल्यास पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई यांना सारखा हिस्सा आहे. २०२५ मध्ये शासनाने जिवंत सातबारा मोहीम काढून मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम हाती घेतले. आपले राहिले असेल तर चौकशी करावी.

मुलींविषयी बोलताना मला थोडा संकोच वाटतो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्माने हक्क दिला, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये तो अधिक स्पष्ट केला. तरी आपल्याकडे बहिणीकडून हक्कसोड पत्र घेतले जाते आणि बदल्यात साडी-चोळी होते. माझ्या बहिणीनेही सही केली. मी तेथेच उभा होतो आणि काही बोललो नाही. तिला पुढे सासरी शेळ्यांसाठी कर्ज हवे होते, तेव्हा तिच्या नावावर सासरचीही जमीन नव्हती आणि माहेरचीही.

तिला जे मला तेव्हा सांगता आले नाही ते आपणास सांगतो. २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्ड पशुसंवर्धनासाठीही मिळते. दूध, शेळी, कोंबडी यांच्या खेळत्या भांडवलासाठी ते असते आणि त्याला स्वतःची शेतजमीन असणे आवश्यक नाही. गोठा भाड्याचा असला तरी चालतो. बटाईदार व गटही पात्र आहेत. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२५ पासून विनातारण कृषि कर्जाची मर्यादा १ लाख ६० हजारांवरून २ लाख केली आहे. चार उस्मानाबादी शेळ्या सांभाळणाऱ्या बाईने आपल्या नावाने अर्ज करावा आणि शाखेने नकार दिला तर तो लेखी मागावा.

जनधन खात्यावर १० हजारांपर्यंत ओव्हरड्राफ्टची सोय आहे. एका कुटुंबात ती एकाच खात्याला, आणि शक्यतो घरातील स्त्रीच्या खात्याला द्यावी, असे योजनेतच म्हटले आहे. खाते सहा महिने नीट चालविलेले असावे लागते. मंजुरी बँकेच्या हाती असते, पण मागणी कोणी करतच नाही, असे एका शाखाधिकाऱ्यांनी मला सांगितले. २०२४ पासून लाडकी बहीण योजनेमुळे अनेकींच्या खात्यात दरमहा व्यवहार होऊ लागले, ती खाती केवळ पैसे काढण्यापुरती ठेवू नयेत.

खासगी सावकाराविषयी एवढेच सांगतो. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानंतर परवानाधारकास शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांपेक्षा अधिक घेता येत नाही. परवाना नसताना सावकारी करणे गुन्हा आहे. तक्रार सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते.

व्याख्यानानंतर एका वयस्कर शेतकऱ्यांनी विचारले, "बायकोचं नाव लावलं अन् उद्या पटलं नाही तर?" सभेत हशा पिकला. मी त्यांना म्हणालो, मामा, सबंध जमीन विकायची म्हटली तर दोघांच्या सह्या लागतील. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे पोराला एकट्याला मला गुंडाळता येणार नाही." हा फायदा माझ्या टिपणात नव्हता.

माझ्या आईचे नाव २०१६ साली लागले. वडिलांना नीट बोलता येत नव्हते. तलाठी घरी आले, सगळे वाचून दाखविले आणि वडिलांनी डाव्या हाताचा अंगठा उठविला. पुढच्या खरिपात आईच्या सहीने पहिले पीककर्ज निघाले. त्यातून तिने जूनच्या दुसऱ्या आठवड्यातच बियाणे आणि खताच्या सहा गोण्या आणून ठेवल्या, आणि उरलेल्या पैशांतून वडिलांची तीन महिन्यांची औषधे.